रनखारात ‘कोन’ म्हणू नये

पुतळा बसवायचा ठराव झाला, ही बातमी आडखार गावात सगळ्यात आधी आली ती प्रियाच्या मोबाइलवर. ती ऐकायला पुतळा स्वतः समोरच बसलेली होती, परातीत तांदळाच्या पिठाची उकड मळत.

“आई, सोसायटीच्या ग्रुपवर आलंय,” सून म्हणाली. “मैदानाच्या खाडीकडच्या कोपऱ्यात पुतळा बसवण्यास सर्वानुमते मंजुरी.”

ओट्यावरून वामन म्हणाला, “लगीन झाल्यापासून मना नाय जमला हिला एका जागी बसवायला. त्या सोसायटीवाल्यांना जमत आसल तं बसवू दे.”

पुतळानं नवऱ्याकडे पाहिलंही नाही. या नावापायी तिनं जन्मभर ऐकून घेतलं होतं. ती जन्मली तेव्हा बापाच्या मनात बायकोला सोन्याच्या पुतळ्यांची माळ करायची होती. माळ काही झाली नाही, तेव्हा त्यानं लेकीचंच नाव पुतळा ठेवून हौस फेडली. शाळेत मास्तर म्हणायचे, पुतळ्यासारखी उभी राहू नकोस. सासरी आली तर पहिल्या दिवाळीत दिरांनी तिला हार घातला आणि मुकाट्यानं हात जोडून उभे राहिले. आता सत्तरी ओलांडली, तरी थट्टा काही म्हातारी होत नव्हती.

पण या वेळी तिचे कान अडकले ते वेगळ्याच शब्दांत. खाडीकडचा कोपरा. तिथे तिचा माठ होता.

आता हा माठ काय, आणि मैदान कुठलं, ते सांगायला हवं. नवी मुंबईत सीवूड्स आणि बेलापूरच्या मधे, खाडीच्या अंगाला आडखार गाव चिमटीत धरल्यासारखं उरलंय. एका बाजूला टॉवर, दुसऱ्या बाजूला कांदळवण. गावात पूर्वी भात होतं, मिठागरं होती. मग नव्या शहरासाठी जमिनी गेल्या, मोबदल्यात साडेबारा टक्क्यांचे प्लॉट आले, प्लॉटवर बिल्डर आले. वामन भोईरच्या कुटुंबाचा प्लॉटही असाच एका बिल्डरनं घेतला आणि बदल्यात त्यांना त्याच इमारतीत एक फ्लॅट दिला. तो भाड्यानं दिलेला, म्हणून प्रिया त्या सोसायटीच्या ग्रुपवर होती.

गावात ‘ण’ नाही. पाण्याला पानी, बाणाला बान, लोण्याला लोनी. त्यामुळे टॉवरच्या पुढ्यातल्या त्या खाऱ्या जमिनीला गाव पिढ्यान्‌पिढ्या ‘रनखार’ म्हणत आलं. बिल्डरच्या माणसानं ते ऐकलं, समोर नवं विमानतळ होणार हे त्याला माहीत होतंच, आणि त्यानं सोसायटीचं नाव ठेवलं ‘रनवे व्ह्यू’. माणसं पण काय असतात. मैदानाभोवती पळायचा ट्रॅक केला तेव्हा कोणीतरी तिथे पाटी लावली, ‘रन खार’. सकाळी सकाळी तंग चड्ड्या घालून लोक तिथे रन करतात, आणि कुणाच्या पायाखाली काय आहे ते कुणाला ठाऊक नाही.

ते होतं रण. फिरंग्यांचं रण.

पुतळाला ही गोष्ट सासूनं, गोजरानं, सांगितली होती. बेलापूरच्या किल्ल्यावर फिरंगी होते आणि मराठे खाडीखाडीनं त्यांच्या मागे लागले होते, त्या काळातली. एका ओहोटीला दोन्हींकडची माणसं या चिखलात गाठ पडली. चिखल गुडघाभर. पळता येईना, लढता येईना, पडल्यावर उठता येईना. तिन्हीसांजेपर्यंत मारामारी चालली. मग भरती चढू लागली तसे धडधाकट होते ते निघून गेले आणि जखमी राहिले. चहूकडे पाणी, सगळं खारं, आणि मधे माणसं ओरडताहेत, पाणी, पाणी.

मिठागरावरची एक बाई गोड्या पाण्याचा हंडा घेऊन बांधावरून आत शिरली. अंधार पडत होता. ती आपल्या माणसांना पाणी पाजायला निघाली होती, शत्रूला नव्हे. म्हणून दरेकाजवळ थांबून ती आधी विचारायची, कोन? जो आपल्या बोलीत बोलेल त्याला करवंटीभर पाणी. जो दुसऱ्या भाषेत बोलेल त्याला ओलांडून पुढे. एक जण मात्र काहीच बोलला नाही. तिनं तीनदा विचारलं, कोन, कोन, कोन. त्यानं नुसता हात वर केला. ती पुढे गेली. सकाळी ओहोटीला प्रेतं काढायला लोक उतरले तेव्हा कळलं, तो तिचाच पाठचा भाऊ. गळ्यावर वार लागला होता. ऐकू येत होतं, बोलता येत नव्हतं.

तेव्हापासून भोईरांच्या घरातली सून दिवेलागणीला रनखाराच्या कोपऱ्यात, करंजाच्या झाडाखाली, माठ भरून ठेवते. वर करवंटीचं भांडं. ठेवायचं आणि वळायचं. मागे बघायचं नाही. आणि त्या जागी, दिवे लागल्यावर, काही झालं, कुणी हाक मारली, कुणी पाणी मागितलं, तरी ‘कोन’ म्हणायचं नाही. गावातली पोरंसुद्धा तिथे क्रिकेट खेळताना बॉल हरवला तर ‘कोनी घेतला’ असं न म्हणता ‘घेतलाय त्याने द्यावा’ असं म्हणत.

गोजराला हाक ऐकू यायची. तिच्या सासूलाही यायची म्हणे. वामनला तर लहानपणी एकदा चक्क खांद्यावर हात ठेवल्यासारखं झालं होतं, असं तो सांगे. पण वामन तर म्हशीनं आपल्याशी गप्पा मारल्याचंही सांगे.

आणि पुतळाला?

हे तिनं कुणालाच सांगितलेलं नव्हतं. तिला कधीच काही ऐकू आलं नव्हतं. नवी नवरी होती तेव्हापासून, पोटुशी असताना, ताप असताना, भर पावसात, सासू गेली त्या संध्याकाळीसुद्धा तिनं माठ भरला. वळून घरी येताना पावलं हळू टाकायची, कान मागे लावून. कुत्रं भुंके, खाडीतून होडीचं इंजिन ऐकू येई, हल्ली विमान घुमे. पण पाणी मागणारं कुणी नाही. घरी आल्यावर गोजरा विचारी, “आयकला का?” आणि पुतळा म्हणे, “आयकला.” एकदा खोटं बोलली ते बोललीच. मरताना गोजरा समाधानानं म्हणाली होती, “तुला वलखतात ते. बरा झाला.”

अशा माणसाचा माठ तुम्ही उचलायला निघालात, तर तिला काय वाटेल? चाकरी आयुष्यभर केली, मालकाचं तोंड एकदाही दिसलं नाही, आणि आता चाकरीच बंद.

हा पुतळ्याचा घाट घातला होता चेअरमन नंदकिशोर पोतनीस यांनी. दादरचे, विमा कंपनीतून निवृत्त. रिटायर माणसाला एक तर मधुमेह लागतो नाहीतर इतिहास लागतो. यांना दोन्ही लागले. गंमत अशी, की रनखाराचं रण त्यांना सांगितलं पुतळानंच. तांदळाच्या भाकऱ्या ती सोसायटीत घरोघर द्यायची. त्यांनी दारात सहज विचारलं, हे रन म्हणजे काय हो मावशी? आणि तिनं भाकरीच्या डब्यावर हात ठेवून उभ्या उभ्या सगळी लढाई सांगितली. फक्त ती बाई, तो भाऊ आणि ते ‘कोन’ एवढं वगळलं. घरातलं सगळं दारात सांगायचं नसतं.

पोतनीस साहेबांची झोप उडाली. पुस्तकं आणली. किल्ल्याचं सापडलं, खाडीचं सापडलं. या चिखलातल्या चकमकीचं अवाक्षर नाही. “पुस्तकात नाही म्हणून झालीच नाही असं थोडंच आहे,” ते मीटिंगमध्ये म्हणाले. इतकं शहाणं वाक्य त्या मीटिंगमध्ये त्याआधी कुणी बोललं नव्हतं, म्हणून ठराव पास झाला. तलवार उपसलेला शिपाई, चेहरा खाडीकडे. दसऱ्याला येणार. करंजाखाली चौथऱ्याचं काँक्रीट पडलं आणि माठ गेला वॉचमनच्या केबिनमध्ये, ‘डास होतात’ या कारणानं, आणि तिथे पाणी ठेवायलाच बंदी झाली. वॉचमननं त्यात छत्री उभी केली.

पुतळा चौथऱ्यापाशी गेली तेव्हा पोतनीस पाणी मारणाऱ्या मजुरावर देखरेख करत होते.

“या मावशी. बघा, तुमच्याच पूर्वजांचा मान होतोय.”

“मान नको साहेब. पानी पायजे त्यांना.”

“पाण्याचं आपण करू ना. गेटजवळ मस्त कूलर लावू.”

“गेटवर तुमचा तो बसतोय. येनाऱ्याला इचारतो, कोन म्हनून.”

“विचारायलाच पाहिजे. सिक्युरिटी आहे.” ते हसले. “कुणीही कसं आत येईल?”

पुतळा वळली. परत येताना तिच्या मनात आलं, मावशी म्हनतोय मना, यो पन काय बारका नाय. पण खरी सल निराळी होती. पितरांचे दिवस सुरू झाले होते, आणि माठ भरायला माठच नव्हता. त्या संध्याकाळी हात रिकामे होते तर ते कुठे ठेवावेत ते तिला कळेना. उगाच परात घासून काढली. घासलेलीच होती.

“अगो, सोड त्या परातीला,” वामन म्हणाला. “ती काय फिरंग्यांची नाय.”

मग एका सकाळी भाकऱ्या द्यायला ती पोतनिसांच्या दारी गेली, तर सुमेधाबाईंनी दार उघडताच तिला हाताला धरून आत घेतलं. पोतनिसांची बायको मोठी नीटनेटकी, मोजकं बोलणारी. तिनं स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं तेव्हाच पुतळानं ओळखलं, आता काहीतरी ऐकायला मिळणार. आणि ऐकायला कुणाला आवडत नाही?

“पुतळाबाई, हे कुणाला सांगू नका.”

“मी कोनाला सांगनार बाय,” पुतळा म्हणाली, आणि नीट सरकून बसली.

“रोज दिवे लागले की इंटरकॉम वाजतो. हे उचलतात. कोण, म्हणतात. पलीकडे कुणी बोलत नाही. नुसतं घुळघुळ, घुळघुळ. नळात हवा भरल्यावर होतं तसं. वॉचमनला विचारलं तर तो म्हणतो, मी फोनच केला नाही.”

“मंग?”

“मग काय. रिसीव्हर ठेवला की ह्यांना तहान लागते. पाणी पितात आणि थुंकतात. खारट लागतं म्हणतात. नळाचं, फिल्टरचं, बाटलीतलं, सगळं खारट. मी प्यायले, मला तर गोड लागतं. संध्याकाळपासून सकाळपर्यंत पाण्याचा थेंब पोटात नाही. साखरेची गोळी चालू आहे त्यांची. ओठ बघा कसे झालेत.”

“कवापासून?”

सुमेधाबाईंनी आवाज आणखी खाली आणला. “चौथरा झाला त्या संध्याकाळपासून. हे तिथे काठावर एकटेच बसले होते. मागून घुळघुळ आली, कुणी पाणी म्हणतंय अशी. ह्यांना वाटलं मजूर असेल. म्हणाले, कोण? मागे वळले तर कुणी नाही. जन्मभर ऑफिसात फोन उचलून कोण विचारायची सवय. झोपेतसुद्धा कूस बदलली की कोण म्हणतात. मी आहे, म्हणते मी. तीस वर्षं तेच सांगत्ये.”

कुणाला वाटेल, पुतळा घाबरली असेल. छे. तिला भीती नाही, मत्सर वाटला. नवऱ्यानं सवत आणली असती तरी इतकी आग झाली नसती. इतकी वर्षं आपण पाणी भरलं, आपल्याला कुणी साद घातली नाही. आणि या दादरच्या माणसानं माठ उचलून छत्रीला दिला, तर त्याला घरी फोन.

घरी येऊन तिनं जेवण पुढ्यातून सारलं. वामनला सगळं कळायला वेळ लागला नाही. ‘कुणाला सांगू नका’ ही गोष्ट गावात चालत नाही, धावते.

“भूत पन आता शिकलेल्या मानसाकडं जातंय,” तो म्हणाला. “आपल्याकडं इंटरकॉम नाय ना.”

“बाबा, भूतबीत काही नाही,” प्रिया म्हणाली. ती सीवूड्सच्या मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात काम करायची आणि तिला दिवसभर खोट्या गोष्टी पारखायची सवय होती. “चौथरा बांधताना वायर तोडली असेल. पाणी गेलं असेल आत. तेच घुळघुळतं.”

“आसल,” वामन म्हणाला. “पन पानी खारट कसा झाला?”

“शुगरवाल्यांच्या तोंडाची चव जाते.”

“बघ गो,” वामन बायकोला म्हणाला, “सुनेनं दोन वाक्यांत भूत काढला. तुझ्या सासूनं उगाच हंडे वाहिले.”

पुतळा उठली. मागच्या दारी जाऊन बराच वेळ उभी राहिली. वायर असेल तर वायर असेल. पण मग तिचं काय? वायर असेल तर सासूलाही नुसता भासच झाला होता, आणि तिला कधीच काही ऐकू आलं नाही ते बरोबरच होतं; तिथे कुणी नव्हतंच. सगळं आयुष्य ती कुत्र्याकावळ्यांना पाणी पाजत आली. नाही असं नाही, तेही पुण्याचंच. पण तिनं ते पाणी पुण्यासाठी भरलं नव्हतं. कुणीतरी तहानलेलं आहे, म्हणून भरलं होतं. ते आहे की नाही एवढं तिला एकदा कळायला हवं होतं. मग माठ राहो की जावो.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर ती डोक्यावर पदर घेऊन निघाली. हातात भाकरीचा डबा नव्हता. गेटवर वॉचमन म्हणाला, “कौन?” रोज म्हणायचा. रोज तिला ओळखायचा आणि रोज म्हणायचा. गेटच्या ॲपमध्ये तिचं नाव ‘भाकरी’ असं होतं.

“भाकरी,” ती म्हणाली, आणि लिफ्टकडे गेली.

पोतनीस सोफ्यावर होते. दाढी वाढलेली. ओठांना भेगा. समोर पाण्याचा भरलेला पेला तसाच. तिला पाहून चेअरमनपणाचा सदरा चढवायला बघत होते, पण बटणं लागेनात.

“मावशी, ही सुमेधा काहीतरी सांगते लोकांना. वायरिंगचा प्रॉब्लेम आहे.”

“माझी सून पन तेच बोलली.”

“बरोबर आहे तिचं.”

“मंग मी जरा बसतंय. वायरिंग ऐकून जातंय.”

सुमेधाबाईंनी दिवा लावला. काचेबाहेर खाडी काळी पडत होती, आणि पलीकडे विमानतळाचे दिवे ओळीनं लागत गेले. एक विमान खाली उतरलं, खिडक्या थरथरल्या, आणि ते गेल्यावर जी शांतता झाली तिच्यात इंटरकॉम वाजला.

पोतनिसांचा हात उठला आणि तिथेच राहिला. “बघा,” ते म्हणाले. आवाज लहान मुलासारखा झाला होता.

“तुमी इचारता त्याला. कोन, कोन. तो बोलनार कसा? त्याचा गला कापलाय.”

“कुणाचा?”

मग जी गोष्ट तिनं दारात वगळली होती ती आता फोन वाजत असतानाच सांगितली. ती बाई, तो हंडा, तीनदा विचारलेलं कोन, वर केलेला हात. फोन वाजत राहिला. सुमेधाबाई भिंतीला टेकल्या. इतका वेळ फोन वाजत नाही कधी. आपोआप बंद होतो.

पुतळा उठली. काय बोलायचं ते तिनं येतानाच ठरवून आणलं होतं. ‘ये, पानी हाय.’ एवढंच. तिनं रिसीव्हर कानाला लावला.

घुळघुळ नव्हती. आधी काहीच नव्हतं. मग ओहोटीला चिखल सुटताना होतो तसा बारीक आवाज. तिनं तोंड उघडलं, आणि ती बोलायच्या आत पलीकडून कुणीतरी, घसा नव्यानं शिकल्यासारखं, म्हणालं:

“कोन?”

गोजरानं सांगितलेल्या गोष्टीत हे नव्हतं. आपण विचारायचं नाही एवढाच नियम. त्यानं विचारलं तर काय करायचं ते कुणी सांगून ठेवलेलं नव्हतं. पुतळा जवळच्या स्टुलावर टेकली. मनात काय काय येऊन गेलं. पुतळा म्हणावं? त्याला काय कळणार. वामनची बायको? गोजराची सून? भाकरी? आणि मग तिला एकदम समजलं, हा एकाच माणसाची वाट बघतोय. एकच बाई त्याच्यापुढून हंडा घेऊन गेली होती. ती परत आली का, एवढंच तो विचारतोय.

“भैन हाय तुजी,” पुतळा म्हणाली. “चुकला माजा. पानी आनतंय.”

पलीकडे काही झालं नाही. कुणी रडलं नाही, कुणी हसलं नाही. फक्त तो चिखलाचा आवाज थांबला.

तिनं रिसीव्हर ठेवला. सुमेधाबाईंकडून पाण्यानं भरलेला तांब्या घेतला आणि पोतनिसांना म्हणाली, “चल.” चेअरमनला अरे-तुरे पहिल्यांदाच झालं होतं, कुणाच्या लक्षातही आलं नाही. ते पायात स्लिपर न घालता लिफ्टमध्ये शिरले. चौथऱ्यावर तिनं तांब्या ठेवला, वळली. पोतनीस मान फिरवायला लागले तशी तिनं त्यांच्या दंडाला चिमटा काढला. “मागं नको बघू.” सत्तरीला टेकलेला माणूस चिमटा खाऊन गप चालू लागला. घरी जाऊन त्यांनी समोरचा पेला उचलला, एक घोट घेतला, थांबले, आणि सगळा पेला संपवला. मग दुसरा. सुमेधाबाईंनी तिसरा भरला आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले. हे त्यांनीच पुढे पुतळाला सांगितलं, अर्थात कुणाला सांगू नका म्हणून.

गावानं यावर महिनाभर तोंडसुख घेतलं. वॉचमनचं म्हणणं, त्यानं फोन उचलला नाही की केला नाही. काहींचं म्हणणं, क्रॉस कनेक्शन लागलं असणार आणि पलीकडून वॉचमनच बोलला असणार. त्याला दुसरं येतं काय? त्यावर वामननं निकाल दिला. “वॉचमन बोलतो कौन. ते बोलला कोन. माझ्या बायकोला नवरा कलत नसल, पन औ आनि ओ कलतात.”

पुतळा या वादात पडली नाही. हसलीही नाही. ती आधीपेक्षा गप्प झाली, असं प्रियाला वाटे. एखादी गोष्ट आयुष्यभर हवी असते, आणि मिळाल्यावर कळतं की ती आपल्यासाठी नव्हतीच. आवाज आला होता, पण तो तिला हाक मारत नव्हता. तिनं त्या दुसऱ्या बाईच्या नावानं ओ दिली होती, आणि आता ती ओ तिच्या अंगावर होती. एकदा भैन म्हटलं की म्हटलं.

दसऱ्याच्या आधी सोसायटीची मीटिंग झाली. मूर्तिकाराला काय सांगायचं, असा विषय निघाला. पोतनीस उभे राहिले. ओठांच्या भेगा भरत आल्या होत्या. ते एवढंच म्हणाले, “पुतळा पूर्वीपासून जिथे आहे तिथेच राहील. तो कुणी हलवायचा नाही. त्यात कुणी अडथळाही आणायचा नाही.” सगळ्यांनी हात वर केले. घरी गेल्यावर निम्म्यांना प्रश्न पडला, पूर्वीपासून कुठला पुतळा आहे? तोवर ठराव पास झालेला होता.

शिपाई आला नाही. चौथऱ्यावर माठ आला, छत्री बाहेर निघाली. नवीन भाडेकरू ट्रॅकवर पळता पळता थांबतात, चौथऱ्याकडे बघतात, आणि वामन दिसला तर विचारतात, “काका, इथला पुतळा कुठे गेला?”

“घरी हाय,” वामन सांगतो. “भाकऱ्या भाजतोय. दिवे लागले की ईल.”

दिवे लागले की ती येते. परवाची गोष्ट. माठ भरून, करवंटी वर ठेवून ती वळली होती. ट्रॅकवर कुणी नव्हतं. खाडीकडून वारा सुटला होता, कांदळवणाचा कुजका वास घेऊन. दोन पावलं टाकली असतील, आणि तिच्या पाठीमागे, अगदी जवळून, कुणीतरी हळूच म्हणालं, “पानी.”

ती थांबली. मागे वळली नाही. पळायला आलेला एखादा पोरगाही असेल. पण सोसायटीतला पोरगा ‘पाणी’ म्हणाला असता. ती न वळता दोन पावलं मागे सरली, चाचपून करवंटी उचलली, माठात बुडवली आणि तशीच, पाठमोरी, मागे धरली. करवंटी हातातून गेली. घेणाऱ्यानं ओढली नाही, अलगद घेतली. वर एक विमान उतरत होतं, त्याच्या घरघरीत पिण्याचा आवाज आला की नाही, ते तिला सांगता येणार नाही. मग करवंटी परत तिच्या तळहातावर आली. हलकी.

ती चालू लागली. घरच्या ओट्यापाशी येईपर्यंत तिच्या लक्षात आलं नाही की करवंटी हातातच राहिली आहे. तिनं काठावरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. खारट.

वामन ओट्यावर बसून तिची वाट बघत होता. तिचा चेहरा बघून त्याची थट्टा तोंडातच राहिली.

“कोन व्हता?” त्यानं विचारलं.

पुतळानं करवंटी कोनाड्यात पालथी घातली.

“नाय इचारला,” ती म्हणाली.